ताप आहे आणि मूल पाय टेकवत नाही: हाडा-सांध्यातला पू कसा ओळखायचा, कसा बरा करायचा

लहान मुलाला ताप आहे आणि ते एक हात किंवा एक पाय वापरत नाही. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तिथल्या हाडात किंवा सांध्यात पू आहे असंच धरायचं, आणि तो नाही हे खात्रीनं कळेपर्यंत मुलाला घरी पाठवायचं नाही. या आजारात मुलं सहसा औषधाअभावी अधू होत नाहीत, उशिरामुळे होतात.

इंदूरमध्ये आणि आसपासच्या धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन या पट्ट्यात हा उशीर साधारण एकाच वाटेनं होतो. मूल लंगडतंय म्हणजे खेळताना पडलं असेल, म्हणून घरी तेल लावून मालिश. फरक पडला नाही की हाड बसवणाऱ्या पहलवानाकडे. मग ताप वाढला म्हणून जवळच्या दवाखान्यातून सेफिक्झीम या अँटिबायोटिकचं सिरप. इंदूरच्या एमवाय (महाराजा यशवंतराव रुग्णालय) किंवा चाचा नेहरू बाल चिकित्सालयात मूल पोहोचतं तेव्हा चार-पाच दिवस उलटलेले असतात आणि अर्धवट औषधामुळे कल्चरमध्ये (लॅबमध्ये नमुन्यातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू उगवेनासा झालेला असतो. पुढचा मजकूर मुख्यतः या भागातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी आणि नव्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी आहे. तपासणीचा आणि घरच्या काळजीचा भाग आईवडिलांनीही वाचावा. औषधांचे डोस मात्र डॉक्टरांसाठी आहेत, त्यावरून घरी औषध सुरू करू नये.

पू तिथेच का होतो

लांब हाडाच्या टोकाला वाढीची चकती असते आणि तिच्या लगत आतल्या बाजूला पोकळसर हाडाचा भाग, म्हणजे मेटाफिसिस. इथल्या रक्तवाहिन्या चकतीपाशी येऊन वळसा घेतात आणि त्या वळणावर रक्ताचा वेग मंदावतो. नाकातून, कातडीवरच्या फोडातून किंवा खरचटलेल्या जागेतून रक्तात शिरलेला जंतू इथे रेंगाळतो. त्यात किरकोळ मार लागलेला असला तर त्याला बसायला जागाच मिळते. म्हणून 'परवा पडला होता' ही माहिती आजाराच्या विरोधात जात नाही. पडण्याची हकीकत ऐकून ताप बाजूला ठेवणं ही नेहमीची चूक.

पू वाढला की तो पातळ बाहेरच्या कवचातून वाट काढून हाडावरच्या आवरणाखाली, म्हणजे पेरिऑस्टियमखाली साचतो. आवरण उचललं गेलं की हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो तुकडा मरतो. मेलेल्या हाडात औषध पोहोचत नाही. जुनाट, वर्षानुवर्षं वाहणारी जखम इथूनच सुरू होते.

खुबा, खांदा, कोपराशी असलेला रेडियसचा वरचा भाग आणि घोट्याची बाहेरची बाजू, या चार ठिकाणी मेटाफिसिसचा काही भाग सांध्याच्या पिशवीच्या आतच असतो. तिथे हाड फुटून पू थेट सांध्यात उतरतो. साधारण १८ महिन्यांखालच्या बाळात चकती ओलांडून जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे हाडाचा पू सांध्यात जायला वेळच लागत नाही. इतक्या लहान बाळात 'हाड की सांधा' हा वाद घालत बसू नये, दोन्ही धरावेत.

खुब्याचं दुखणं सगळ्यात घातक. पुवातली विकरं कूर्चा खातात, शिवाय पिशवीत दाब वाढून मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा बंद पडतो. इथे हिशेब दिवसांचा नसून तासांचा असतो.

तपासणी

मूल आईच्या मांडीवर असतानाच बघायला सुरुवात करा. हात लावण्याआधी दोन मिनिटं नुसतं पाहा: कुठला पाय हलवतं, कुठला नाही, पाय कसा ठेवलाय. खुब्यात पू असेल तर मूल मांडी थोडी वर दुमडून, बाहेर फाकवून आणि बाहेरच्या अंगाला वळवून ठेवतं, कारण या स्थितीत पिशवीला सर्वांत जास्त जागा मिळते. तान्हं बाळ लंगोट बदलताना किंचाळतं किंवा एक हात लुळा पडल्यासारखा ठेवतं. नस दबली म्हणून त्याला न्यूरोलॉजीकडे पाठवण्याआधी खांदा तपासा.

मग दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करा. पायाचा पंजा, घोटा, नडगी असं एका बोटानं हाडावर दाबत हळूहळू वर या. हाडात पू असेल तर गुडघ्याच्या थोडं खाली किंवा थोडं वर, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी मूल दचकून पाय ओढतं. तीच जागा पुन्हा दाबल्यावर पुन्हा तसंच. मूल तुम्हाला घाबरून रडत असेल तर आईलाच दाबायला सांगा. खुब्यासाठी पाय सरळ ठेवून मांडी तळहाताखाली लाटण्यासारखी हलकेच आत-बाहेर फिरवा. साध्या सर्दीनंतरच्या खुब्याच्या सुजेत थोडं फिरवू देतं, पू असेल तर इंचभरही नाही.

गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा तपासा, कारण खुब्याची कळ गुडघ्यात जाणवते. पाठ आणि कंबरेचं मागचं हाडही दाबून पाहा. मणक्यात किंवा सॅक्रोइलिॲक सांध्यात (कणा आणि ओटीपोटाचं हाड जिथे जुळतात तिथे) पू असलेलं मूल 'पोट दुखतंय' एवढंच सांगतं किंवा बसायलाच नकार देतं. पोटाच्या मागचा सोआस स्नायू पिकला तरी मूल मांडी दुमडून ठेवतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर स्नायूतल्या पुवाची मुलं येतात, त्यांच्यात दुखणं सांध्यात नसून मांसल भागात असतं.

ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. आदल्या सहा तासांत पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन दिलंय का, हे विचारून कागदावर वेळेसकट लिहा.

अँटिबायोटिकच्या आधी

आधी नमुना, मग अँटिबायोटिक. दोन ते सहा आठवड्यांचं औषध कुठल्या जंतूवर चालवतोय हे माहीत असणं आणि नसणं यात मोठा फरक पडतो.

ब्लड कल्चर घेताना क्लोरहेक्सिडिन लावून ३० सेकंद थांबा आणि ते वाळू द्या. ओल्या कातडीतून घेतलेलं रक्त कातडीवरचेच जंतू उगवतं आणि गोंधळ होतो. नवजात बाळात किमान १ मिली, वर्षभराच्या मुलात २ ते ३ मिली, मोठ्या मुलात ५ मिली किंवा जास्त. अर्धा मिली रक्त घालून 'कल्चर निगेटिव्ह' म्हणण्याला अर्थ नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खोलीच्या तापमानालाच लॅबला पाठवायची. इतकं करूनही अर्ध्याहून जास्त मुलांत रक्तात काही उगवत नाही, म्हणून सांध्याचा किंवा हाडाचा नमुनाही लागतोच.

सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि शरीरातली सूज-संसर्ग दाखवणाऱ्या दोन चाचण्या, सीआरपी आणि ईएसआर. सीआरपी काही तासांत वाढायला लागतो आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो. उपचार लागू पडले की आठवडाभरात खाली येतो. ईएसआर तीन-पाच दिवसांनी शिखर गाठतो आणि उतरायला तीन-चार आठवडे घेतो. रोजचं पाऊल सीआरपीवर ठरवायचं. ईएसआर चढलेला आहे म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बदलू नका.

सीआरपीचं एकक बघायला विसरू नका. एक लॅब मिलिग्राम प्रति लिटर देते, दुसरी मिलिग्राम प्रति डेसिलिटर. पहिल्या लॅबचे ६० आणि दुसरीचे ६ हे एकच आहेत. मूल तालुक्याच्या गावाहून इंदूरला आलं, लॅब बदलली आणि '६० चा ६ झाला' म्हणून सगळे खूश झाले, तर पू तसाच आत राहतो.

पांढऱ्या पेशी निम्म्या मुलांत नॉर्मल असू शकतात. त्यांच्यावरून आजार नाही असं म्हणू नका.

खुब्यासाठी कोकर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली बॉस्टनमधून मांडलेले चार निकष अजूनही उपयोगी आहेत: पाय टेकवत नाही, ताप ३८.५ सेल्सियसच्या वर, ईएसआर ४० किंवा जास्त, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. मूळ अभ्यासात चारही असतील तर पुवाची शक्यता ९९ टक्के होती. त्याच मंडळींनी २००४ मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा ती ९३ टक्के निघाली, आणि तीन निकषांना ७३ टक्क्यांच्या आसपास. सीआरपी २० मिलिग्राम प्रति लिटरच्या वर असेल तर संशय आणखी वाढतो. हे निकष पुवाचा खुबा आणि सर्दीनंतरची तात्पुरती सूज यांत फरक करायला आहेत. तान्ह्या बाळाला, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला किंवा आधीच अँटिबायोटिक सुरू असलेल्या मुलाला ते लावू नका.

आणखी एक चकवा. सहा महिने ते चार वर्षं या वयात किंगेला किंगे नावाचा जंतू घशातून रक्तात शिरतो. त्याचं दुखणं सौम्य असतं, ताप किरकोळ, सीआरपी थोडाच वाढलेला. साध्या प्लेटवर तो क्वचितच उगवतो. सांध्याचं पाणी थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत घातलं तर उगवण्याची शक्यता बरीच वाढते. पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) उपलब्ध असेल तर उत्तम.

एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय

पहिल्या दिवशीचा एक्स-रे नॉर्मल येणारच. स्नायूंची सूज दोन-तीन दिवसांनी दिसते, हाड खाल्लेलं दिसायला १० ते १४ दिवस लागतात. तरीही तो काढायचाच, दोन्ही बाजूंचा, कारण फ्रॅक्चर, गाठ किंवा रक्ताच्या कॅन्सरमध्ये हाडात दिसणाऱ्या पट्ट्या त्यात सापडू शकतात आणि पुढे तुलनेला तो लागतो. 'एक्स-रे नॉर्मल, म्हणजे हाड ठीक' हे वाक्य आईवडिलांना सांगू नका.

खुब्यासाठी सोनोग्राफी लगेच करा, दोन्ही बाजूंची. पाणी आहे की नाही ते कळतं, ते पाणी साधं की पू हे कळत नाही. पहिल्या चोवीस तासांत सोनोग्राफी कोरी येऊ शकते, दुखणं तसंच असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. पेरिऑस्टियमखालचं गळूही चांगला सोनोलॉजिस्ट दाखवून देतो.

एमआरआय सर्वांत खात्रीचा. हाडातला पू, स्नायू, चकती, शेजारचा सांधा सगळं एकदम दिसतं. लहान मुलाला गुंगी द्यावी लागते, म्हणून भूलतज्ज्ञाशी बोलून एमआरआय आणि ऑपरेशन एकाच भुलीत बसवता आलं तर बसवा. पण मूल गंभीर असेल किंवा खुब्यात पाणी दिसत असेल तर एमआरआयच्या नंबरसाठी थांबायचं नाही.

सांध्यातलं पाणी काढणं

गुडघा सर्वांत सोपा. मुलाला थोडी गुंगी, गुडघ्याखाली छोटा गुंडाळलेला टॉवेल. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून १८ किंवा २० गेजची सुई, १० मिलीची सिरिंज. कातडी लाल किंवा सुजलेली असेल तिथून सुई घालू नका, नाहीतर बाहेरचा जंतू आत जाईल. लिग्नोकेन फक्त कातडीत आणि खालच्या थरात ठेवा, सांध्यात गेलं तर ते जंतूही मारतं आणि कल्चर बिघडतं. सुई वाटीच्या खाली सरकवा, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं आतल्या बाजूनं दाब द्या, पाणी सुईकडे येतं. पू दाट असेल तर बारीक सुईतून येत नाही आणि 'कोरडा' वाटतो. अशा वेळी सुई बदला, निदान नाही.

खुब्याचं पाणी ऑपरेशन थिएटरमध्येच, सोनोग्राफी किंवा सी-आर्मखाली (ऑपरेशनच्या वेळचं एक्स-रे यंत्र), आणि लगेच सांधा उघडायची तयारी ठेवूनच काढावं.

पाणी थोडंच मिळालं तर क्रम असा: आधी लहान मुलांच्या ब्लड कल्चरच्या बाटलीत १ मिली, मग काचपट्टीवर ग्रॅम स्टेनसाठी एक थेंब, उरलेलं जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत पेशी मोजायला. साध्या नळीत ते गोठतं आणि आकडा खोटा येतो. पेशी ५०,००० च्या वर आणि त्यांत न्यूट्रोफिल ७५ टक्क्यांच्या वर असतील तर पू धरा. २५,००० आला म्हणून सोडून देऊ नका, सुरुवातीला आणि किंगेलामध्ये आकडा कमी असतो. कापसाच्या बोळ्यावर पू घेऊन पाठवणं बंद करायला हवं, त्यात जंतू वाळून मरतात.

हाडासाठी बोन मॅरोची सुई वापरा. आधी आवरणाखाली ओढून पाहा, पू नाही मिळाला तर कवच भेदून मेटाफिसिसमध्ये. वाढीच्या चकतीपासून लांब राहा.

पू बाहेर काढणं

खुब्यात पू म्हणजे त्याच रात्री ऑपरेशन. सकाळच्या लिस्टची वाट पाहू नका. खांद्यालाही हाच नियम. गुडघा दुर्बिणीनं धुता येतो किंवा छोट्या छेदातून. घोटा, कोपर यांत पू पातळ असेल तर वारंवार सुईनं काढूनही भागतं, पण दोन वेळा काढूनही पुन्हा भरला तर उघडा.

हाडात पू नसून नुसती सूज असेल आणि औषधानं ४८ ते ७२ तासांत उतार पडला तर ऑपरेशन लागत नाही. आवरणाखाली मोठं गळू, हाडात पुवाची पोकळी किंवा मूल गंभीर असेल तर उघडावं लागतं. आवरण जेमतेम लागेल तेवढंच उचला, कारण उरलेल्या हाडाला रक्त तिथूनच मिळतं. कवचात बारीक छिद्रं पाडून पू वाहू द्या, भरपूर सलाइननं धुवा. चमच्यानं सगळं खरवडून काढायचा मोह टाळा.

इथे एक नमुना हमखास चुकतो. काढलेल्या ऊतीचा एक तुकडा बायोप्सीसाठी फॉर्मेलिनमध्ये जातो, दुसरा कल्चरसाठी निर्जंतुक डबीत थोड्या सलाइनमध्ये. घाईत दोन्ही फॉर्मेलिनमध्ये गेले की कल्चर संपलं. डब्या ऑपरेशनच्या आधीच लेबल लावून मांडून ठेवा. आणि बायोप्सी पाठवाच: ईविंग सार्कोमा या हाडाच्या कॅन्सरच्या गाठीतून निघणारा द्रव पुवासारखाच दिसतो, त्यातही ताप येतो आणि ईएसआर चढतो.

सांध्याला पहिले काही दिवस आराम द्या. गुडघा सरळ ठेवून मागून स्लॅब (अर्धं प्लास्टर), खुबा थोडा फाकवून, मोठ्या मुलात कातडीवरून ट्रॅक्शन (वजनाचा ताण). दुखणं उतरलं की हालचाल सुरू. महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवलेला सांधा आखडतोच.

औषधं

नमुने घेतले की पहिला डोस त्याच तासात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा सर्व वयांत पहिला संशयित, म्हणून सेफिक्झीम इथे निरुपयोगी. त्याची या जंतूवर पकड फारच कमी. एकट्या ॲमिकासिनवरही विसंबू नका, पुवाच्या आम्ल आणि प्राणवायू नसलेल्या वातावरणात ते काम करत नाही.

तीन महिन्यांवरच्या, गंभीर नसलेल्या मुलाला शिरेतून सेफाझोलिन, रोज किलोमागे १५० मिलिग्राम, तीन भागांत. १२ किलोच्या मुलाला दर ८ तासांनी ६०० मिलिग्राम. ते किंगेलावरही चालतं. क्लॉक्सासिलिन द्यायचं तर रोज किलोमागे २०० मिलिग्राम, चार भागांत. तुमच्या रुग्णालयाच्या अँटिबायोग्राममध्ये (कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं याचा तक्ता) एमआरएसएचं, म्हणजे या नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफचं, प्रमाण १०-२० टक्क्यांच्या वर असेल तर एमआरएसएवर चालणारं औषध सुरुवातीपासून हवं. मूल स्थिर असेल तर क्लिंडामायसिन, रोज किलोमागे ३० ते ४० मिलिग्राम, तीन भागांत. जंतू एरिथ्रोमायसिनला दाद देत नसेल तर लॅबकडून डी-टेस्टचा (क्लिंडामायसिनला लपलेला विरोध दाखवणारी चाचणी) निकाल विचारल्याशिवाय क्लिंडामायसिन पुढे चालवू नका. किंगेला क्लिंडामायसिन आणि व्हँकोमायसिन दोन्हींना जुमानत नाही, हे लहान वयात लक्षात ठेवा.

मूल गंभीर असेल, म्हणजे हातपाय गार, सुस्त, श्वास जलद, तर व्हँकोमायसिन दर ६ तासांनी किलोमागे १५ मिलिग्राम, प्रत्येक डोस किमान तासभर चालवून, आणि सोबत सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिन. ही जोडी मुद्दाम आहे: जंतू साधा स्टॅफ निघाला तर व्हँकोमायसिन त्याला सावकाश मारतं. कल्चर आलं की नको ते बंद. व्हँकोमायसिन चालू असताना क्रिएटिनिन आणि औषधाची पातळी तपासा. कोणत्याही औषधात मोठ्या मुलाचा डोस प्रौढाच्या कमाल डोसच्या वर नेऊ नका.

ताप २४ ते ४८ तास नाही, दुखणं स्पष्ट कमी, सीआरपी शिखराच्या निम्म्यावर आणि तोंडानं औषध पचतंय, की शिरेतलं बंद करून तोंडावाटे. बहुतेक मुलांत हे तीन ते सात दिवसांत होतं. सहा आठवडे सलाइन लावून ठेवण्यानं जास्त फायदा होत नाही, शिरा मात्र खराब होतात आणि नळीतून नवा संसर्ग येतो.

तोंडावाटेचा डोस नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो आणि इथेच साखळी तुटते. सेफॅलेक्सिन हाडासाठी रोज किलोमागे १०० मिलिग्राम लागतं. १२ किलोच्या मुलाला १२०० मिलिग्राम, म्हणजे दिवसातून तीनदा ४०० मिलिग्राम. ५ मिलीत २५० मिलिग्रामचं सिरप असेल तर प्रत्येक वेळी ८ मिली, दिवसाला २४ मिली. ३० मिलीची बाटली सव्वा दिवसात संपते आणि २१ दिवसांना १७ बाटल्या लागतात. दुकानदार म्हणतो 'इतकं कोणी देत नाही', आई घाबरून ५ मिली करते, आणि तिसऱ्या आठवड्यात मूल पुन्हा लंगडत येतं. म्हणून चिठ्ठीवर मिली, वेळा, दिवस आणि एकूण बाटल्या अंकात लिहा, खाली 'हाडाचा संसर्ग, डोस मुद्दाम जास्त' असंही लिहा. आणि ५ मिलीत १२५ वालं सिरप दिलं गेलं तर डोस निम्मा होतो, हे बाटली हातात घेऊन दाखवा.

किती दिवस? फिनलंडमध्ये पेल्टोला यांच्या गटानं दाखवलं की लवकर उतार पडलेल्या मुलांत सांध्याला १० दिवस आणि हाडाला २० दिवस पुरतात. तिथे एमआरएसए जवळजवळ नव्हता आणि मुलं लवकर पोहोचत होती. आपल्याकडे सांध्याला दोन ते तीन आठवडे आणि हाडाला तीन ते चार आठवडे धरणं सुरक्षित. एमआरएसए, उशिरा आलेलं मूल, मणका किंवा ओटीपोटाचं हाड असेल तर चार ते सहा. औषध थांबवण्याआधी सीआरपी नॉर्मल आणि दाबून दुखणं शून्य हवं. दोन आठवड्यांवर औषध चाललं की आठवड्याला सीबीसी करा, न्यूट्रोफिल उतरू शकतात. लिनेझोलिड दिलं असेल तर प्लेटलेटही.

चार दिवसांत फरक पडला नाही तर

औषध बदलण्याआधी पू शोधा. बहुतेक वेळा आत न निघालेलं गळू असतं, दुसऱ्या जागी किंवा शेजारच्या सांध्यात. पुन्हा सोनोग्राफी किंवा एमआरआय करा. एमआरएसएमध्ये त्या पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊन जंतू फुफ्फुसात जातात. पाय सुजलेला आणि दम लागत असेल तर डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) आणि छातीचा एक्स-रे लगेच. त्यानंतर जंतू चुकला का, डोस कमी पडला का, आणि शेवटी, निदानच चुकलं का?

निदान चुकण्यात पहिला नंबर रक्ताच्या कॅन्सरचा. मूल फिकट, रात्री हाडं दुखून उठतं, ईएसआर खूप चढलेला पण प्लेटलेट कमी आणि पांढऱ्या पेशी नॉर्मल किंवा कमी. अशा मुलाचा स्मिअर (काचपट्टीवरचं रक्त) पॅथॉलॉजिस्टकडून बघून घेतल्याशिवाय स्टिरॉइडचा एक थेंबही देऊ नका.

टीबीची चाल निराळी. आठवडे-महिने चाललेलं लंगडणं, बारीक ताप, झोपेत स्नायू सैल पडले की कळ येऊन किंचाळणं, मांडी दुसऱ्या बाजूपेक्षा बारीक. नमुन्याचं सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि बायोप्सी लागते, उपचार साधारण १२ महिने. लिनेझोलिड किंवा लिव्होफ्लॉक्सासिन उगाच देऊ नका, टीबी अर्धवट दबतो आणि निदान लांबतं.

सिकल सेलचा विचार या पट्ट्यात प्रत्येक आदिवासी मुलात करायचा. सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झालं, तपासणी मोफत होते, मुलाकडे कार्ड असेल तर मागून बघा. या मुलांत रक्तपुरवठा अडून होणारी हाडदुखी संसर्गापेक्षा कित्येक पटींनी जास्त. पाणी आणि वेदनाशामक दिल्यावर ती दोन-तीन दिवसांत उतरते. एकाच जागी दुखणं, ताप उतरत नाही, सीआरपी चढताच आहे, तर सुई घालून नमुना घ्या. इथे साल्मोनेलाही येतो, म्हणून स्टॅफवरच्या औषधासोबत सेफ्ट्रिॲक्सोन, रोज किलोमागे १०० मिलिग्राम.

नवजात बाळ

याला ताप नसतोच बऱ्याचदा. दूध कमी पितं, एक पाय हलवत नाही, मांडी जाड दिसते, एवढंच. सीआरपी नॉर्मल असू शकतो. एका जागी सापडलं तर सगळे सांधे तपासा, अनेक ठिकाणी पू असणं या वयात नेहमीचं आहे. जंतू क्लेब्सिएलासारखे ग्रॅम-निगेटिव्हही असतात. अँटिबायोटिक त्या एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) कल्चरप्रमाणे आणि डोस वयाच्या दिवसांवर ठरतो. कावीळ असलेल्या किंवा शिरेतून कॅल्शियम चालू असलेल्या बाळाला सेफ्ट्रिॲक्सोन नको, सेफोटॅक्झीम वापरा. उपचार चार ते सहा आठवडे, बहुतेक शिरेतूनच. जांघेतून सुई घालून रक्त काढण्याची सवय सोडा, त्याच सुईनं खुब्यात जंतू जाऊ शकतो.

लहान गावातून पाठवताना

धारहून इंदूर दीड-दोन तास, झाबुआहून त्याच्या दुपटीपर्यंत. मूल स्थिर असेल आणि कल्चरची बाटली नसेल तर अँटिबायोटिक न देता लगेच पाठवा आणि पुढच्या डॉक्टरला फोन करा. मूल गळालेलं असेल तर मात्र थांबू नका: जमलं तर रक्त काढून, नाहीतर तसंच, सेफ्ट्रिॲक्सोन किलोमागे १०० मिलिग्राम, सलाइन किलोमागे १० ते २० मिली, १०८ बोलवा. जीव आधी, कल्चर नंतर. दुखऱ्या पायात स्नायूचं इंजेक्शन देऊ नका, त्याची सूज पुढे गोंधळ घालते. पाय स्लॅबवर किंवा पुठ्ठ्यावर बांधा, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्राम, आणि पोट रिकामं ठेवा, तिथे लगेच भूल द्यावी लागू शकते. चिठ्ठीवर दिलेलं प्रत्येक औषध आणि त्याची वेळ.

घरी आणि पुढे

ताप नाही, मूल खेळतंय, म्हणून औषध थांबवायचं नाही. पाणी घालून तयार केलेलं सिरप बाटलीवर लिहिलेल्या दिवसांपर्यंतच वापरायचं, नंतर नवी बाटली. रोज संध्याकाळी एकदा ताप मोजून वहीत लिहा. पुन्हा ताप, जखमेतून पाणी, दुखणं वाढणं, अंगावर पुरळ किंवा पाण्यासारखे वारंवार जुलाब झाले तर त्याच दिवशी दाखवा. दुखऱ्या जागी मालिश, शेक, पट्टा बांधणं काहीही नको. डॉक्टर सांगेपर्यंत उड्या आणि धावणं बंद, कारण संसर्ग झालेलं हाड काही महिने ठिसूळ असतं आणि साध्या पडण्यानंही मोडतं.

तपासणी दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, मग सहा महिने आणि वर्षानं. सहा आठवड्यांचा एक्स-रे महत्त्वाचा, मेलेलं हाड तेव्हा दिसतं. ते दिसलं तरी लगेच काढायची घाई नको: त्याभोवती नवं हाडाचं आवरण पुरेसं भक्कम होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पाय उभाच राहत नाही. चकतीजवळ संसर्ग होऊन गेलेल्या मुलाची दर सहा महिन्यांनी दोन्ही पायांची लांबी, कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत, टेपनं मोजून लिहून ठेवा. चकतीचं नुकसान दिसायला दोन वर्षंही लागतात, आणि तान्हेपणी खुब्यात पू झालेल्या मुलाला वाढ पूर्ण होईपर्यंत हाडांच्या डॉक्टरकडे नेत राहावं लागतं.